चिमूटभर हळद

चाळीस मोजून झाले आणि बुडबुडा आला.

टाकीत बुडवलेल्या रेडिएटरच्या कोपऱ्यातून तो मोहरीएवढा बुडबुडा सुटला, सावकाश वर आला आणि फुटला. जैनोद्दीन मिस्त्रीने पायपंपाने पुन्हा हवा मारली आणि पुन्हा एकपासून मोजायला घेतलं. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. आलाच. इतक्या वेळेवर तर जावईसुद्धा जेवायला येत नाही.

पाइप जोडायच्या त्या एका तोटीला सकाळपासून त्याने तीनदा झाळ दिली होती. तिन्ही वेळा नवसागर लावला, बत्तीने पितळ तापवलं, कथील वितळून चकाकायला लागलं आणि नेमक्या त्या क्षणाला हात हलला. थोडाच. पण झाळकामात थोडं असं काही नसतं. कथील थिजताना सुईच्या टोकाएवढी जागा सुटली तरी पाण्याला ती बरोबर सापडते. चौथ्यांदा तापवायची त्याची छाती होईना. शेजारची तोटी चांगली बसली होती. आच जास्त झाली तर तीही सुटायची. आणि चार वाजता क्षमा रेडिएटर न्यायला येणार होती.

त्याचा उजवा हात दीड वर्षापासून थरथरत होता. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, त्याला आणि त्याच्या बायकोला, फातिमाबीला. दोघांनी ती एकमेकांपाशी कधी काढली नव्हती. फातिमाबीने एवढंच केलं, की त्याच्या कपात चहा अर्धाच ओतायला लागली. त्यावरून तो रोज भांडायचा.

"चायपत्ती म्हंगी हुई क्या? पूरा भर."

ती पूर्ण भरायची. चहा बशीत सांडायचा. ती मुकाट्याने बशी पुसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धाच ओतायची.

लोहाऱ्यात त्याने दुकान टाकल्याला तेहतीस वर्षं झाली होती. "गाडी इकावी लागंल, पण जैनोद्दीनची झाळ सुटायची न्हाय," असं जीपवाले म्हणायचे आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आता नव्या गाड्यांना ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी. गळली की फेकायची, दुसरी बसवायची. मिस्त्रीकडे आठवड्यात एखादा म्हातारा ट्रॅक्टर यायचा. सोलापूरचा मुलगा दानियाल फोनवर "अब्बा, बस करो अब," म्हणायचा आणि जैनोद्दीन फोन फातिमाबीकडे द्यायचा.

म्हणून आठ दिवसांपूर्वी राजपालची क्षमा दुकानात येऊन "चाचा, कॉम्प्युटरला रेडिएटर बसवायचाय," म्हणाली, तेव्हा तो आधी हसला आणि मग त्याने स्टूल पुढे सरकवलं.

राजपाल लोहारा-उमरगा जीप चालवायचा. सहा वर्षांपूर्वी तो गेला. मागे राहिली अंगणवाडीत नोकरी करणारी सुमनबाई आणि ही एक मुलगी.

"कॉम्प्युटरला कशाला गं रेडिएटर? त्याला काय घाट चढायचाय?"

"रोज चढतोय, चाचा. पुण्याच्या बिल्डरांच्या इमारती असत्यात ना, अजून बांधलेल्या नसत्यात, त्यांचा पिक्चर बनवते मी. झाडं, गाड्या, पोहायचा तलाव, सगळं. त्याचा हिशोब करता करता मशिनीची एक चिप लई तापती. आमच्या खोलीवर पत्रे, बाहेर त्रेचाळीस. दुपारी बारा वाजले की बंद."

"पंखा?"

"सात पंखे हायत आत. गरम हवाच फिरवत्यात नुसते. म्हणून पाण्यावर चालवायचंय. पंप आलाय, पाइप आलेत, चिपवर बसवायचा तांब्याचा ठोकळा आलाय. रेडिएटर तेवढा पार्सलात चेंबून आला. दुसरा यायला पंधरा दिवस. आणि येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी मला पिक्चर द्यायचाय. न्हाय दिला तर कंपनी म्हणती, पुण्यात येऊन ऑफिसात बसा, इथं एसी हाय."

"मग बसावं की. पुणं काय वाईट हाय?"

"आईच्या एका डोळ्याचं आपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तिला कुणाच्या जिवावर सोडू?" मग तिने भंगाराच्या ढिगाकडे बोट केलं. "पण तांब्याचाच पायजे हां, चाचा. ठोकळा तांब्याचा हाय. ॲल्युमिनियम लावलं तर एक धातू दुसऱ्याला खातो."

तेहतीस वर्षांत हे त्याला कुणी गिऱ्हाइकाने सांगितलं नव्हतं. जैनोद्दीन उठला, ढिगात पार कमरेपर्यंत शिरला आणि एका जुन्या ट्रॅक्टरची तांब्याची जाळी ओढून काढली. धूळ फुंकली. तोंडात साखर पडल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. जाळी कापली, पितळी पत्र्याच्या दोन टाक्या वळवल्या, क्षमाने आणलेल्या तोट्या बसवल्या, आणि पाणी भरायला वर एक झाकणही केलं. जीपला असतं तसं. इतकं मन लावून त्याने गेल्या दहा वर्षांत काही केलं नव्हतं. आणि त्यातच ही एक तोटी चाळिसाव्या मोजणीला बुडबुडा सोडत होती.

चार वाजता क्षमा आली. "हवेवर तपासला ना, चाचा?"

"व्हय. दोनदा."

हे तसं खोटं नव्हतं. त्याने तीस वेळा तपासला होता.

तो तिच्याबरोबर घरी गेला. रेडिएटर मागच्या खिडकीबाहेर, पडवीच्या सावलीत टांगायचा होता, म्हणजे मशीनची गरमी घराबाहेर पडेल. ती बाजू मी जोडतो, म्हणून जैनोद्दीनने हट्टाने अंगावर घेतली. खोलीत क्षमाने बॅटरीवाल्याकडून आणलेलं शुद्ध पाणी ओतलं, त्यात निळा रंग टाकला. निळाच तिने मुद्दाम मागवला होता. पंप गुणगुणायला लागला. पारदर्शक पाइपांतून निळं पाणी खिडकीबाहेर आलं आणि जाळीत शिरलं.

आणि तोटीच्या बुडाशी एक थेंब धरायला लागला.

"चाचा, कुठं गळत तर न्हाय ना?" आतून आवाज आला.

इथे एक शब्द बोलला असता तर गोष्ट संपली असती. पण राजपालच्या पोरीसमोर आपली झाळ गळते हे तोंडातून निघेना. "थांब जरा, बघतो," म्हणत तो मागच्या दाराने स्वयंपाकघरापाशी गेला.

"वैनी, जरा हळद द्या."

"अगं बाई! कापलं का काय, भाऊ?" सुमनबाई काळा चष्मा सावरत उठली.

"व्हय. थोडं." आणि त्याने मूठ झाकली.

हळदीवर त्याचा विश्वास उगाच नव्हता. एका नवरात्रात राजपालची जीप सोलापूरहून तुळजापूरच्या घाटात उकळून उभी राहिली होती. आत बारा भक्त आणि जैनोद्दीन, टपावर त्याचं भंगार. रेडिएटरला भोक. जैनोद्दीनने एका आजीबाईच्या पूजेच्या ताटातली हळद मागून घेतली आणि पाण्यात टाकली. फिरत्या पाण्यात हळद फुगते आणि गळत्या भोकात जाऊन बसते; जुन्या ड्रायव्हरांचा हा दवा. गाडी देवीच्या दारापर्यंत गेली. आजी म्हणाली, देवीनेच आपली हळद मागून घेतली. राजपाल हे वर्षानुवर्षं हसत हसत सांगायचा.

जैनोद्दीनने झाकण उघडलं, चिमूट सोडली, झाकण लावलं. पंधरा मिनिटांत थेंब आटला.

"न्हाय गळत," तो खिडकीतून म्हणाला. आता तेही खरंच होतं.

आत पडद्यावर तापमानाचा आकडा स्थिरावला. काल जिथे नव्वदीवर जाऊन मशीन झोपायचं, तिथे बासष्ट. क्षमाने टाळ्या वाजवल्या. सुमनबाईने काठोकाठ भरून चहा आणला. "आत्ताच पिऊन आलो," म्हणून जैनोद्दीनने कपाला हात लावला नाही.

त्या दिवसापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली. दुकानात बूड टेकेना. सोमवारी सकाळी तो "सहज आलो" म्हणत क्षमाच्या दारात उभा. बासष्टच होतं. मंगळवारी पुन्हा सहज. सहासष्ट.

"एवढं वर-खाली व्हतंय," क्षमा म्हणाली. "बघा ना चाचा, हा ठोकळा आतून कसा असतो." तिने मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. तांब्यात शेजारी शेजारी कोरलेल्या चिरा. "ह्यातनं पाणी जातं. एकेक चीर केसाएवढी."

केसाएवढी. जीपच्या रेडिएटरला काडेपेटीच्या काडीएवढा तरी रस्ता असतो. त्या हिशोबाने त्याने चिमूट सोडली होती. भोक बुजवणारी वस्तू चीर सोडेल कशाला?

तेव्हाच सांगायचं. पण तो "लई बारीक काम हाय," एवढंच बोलून बाहेर पडला. बुधवारी पाणी मोरपंखी दिसायला लागलं, आकडा एकाहत्तर. "निळ्याचं हिरवं का झालं, काय कळंना," क्षमा म्हणाली. निळ्यात पिवळं पडलं की हिरवं होतं हे अंगणवाडीतल्या पोरांनाही कळतं. मिस्त्री चपला घालून चालता झाला. गुरुवारी सांगायचंच म्हणून तो घरून निघाला, तहसील कचेरीच्या कोपऱ्यापर्यंत गेला, तिथल्या रसवंतीवर नको असलेला रस प्याला आणि परत आला. रस अर्धा शर्टावर सांडला होता.

फातिमाबीने शर्ट पाण्यात टाकला. "कायकू ऐसे फिरतेजी चार दिनसे? किसका क्या लेके भागे क्या?"

"कुछ नै."

"झूट बोलनेसे हाथका हिलना नै छुपता," ती म्हणाली आणि साबण लावायला बसली. हाताचा विषय तिने पहिल्यांदा काढला होता, आणि तोही पाठ फिरवून.

शुक्रवारी दुपारी दीडला क्षमाचा फोन आला. पिक्चरचं शेवटचं काम तिने सकाळी लावलं होतं. सलग छत्तीस तास मशीन चालायला हवं होतं. साडेचार तासांत ते बंद पडलं.

"चाचा, जरा येता का? पाणी फिरतंय, पर लई मंद. माझंच कायतरी चुकलंय. ठोकळा तीनदा काढून बसवला म्या. काय कळंना." तिचा आवाज रडका झाला होता.

तो सायकलवर टांग टाकून निघाला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मशीन उघडं पडलेलं, क्षमाचे केस घामाने कपाळाला चिकटलेले. कानाला फोन. पलीकडे कुणी पुण्याचं होतं.

"न्हाय सर, मशीनची चूक नाही. जोडणी मी केली होती, माझी चूक आहे," ती सांगत होती.

सुमनबाई पंख्याने मुलीला वारा घालत होती. जैनोद्दीनला बघून म्हणाली, "या भाऊ. बोट बरं झालं का?"

सुटकेचं दार सताड उघडं होतं. "झालं" एवढं म्हटलं की मोकळा. हळदीची गोष्ट दबून गेली असती, झाळ सुटली नसती, नाव राहिलं असतं, आणि क्षमा आयुष्यभर समजत राहिली असती की आपल्याला जोडता येत नाही.

"वैनी, बोट कापलंच नव्हतं," तो म्हणाला. "क्षमा, फोन ठेव. तुझी चूक न्हाय ती. तोटी गळत व्हती, म्या पाण्यात हळद टाकली."

क्षमाने फोन खाली घेतला. स्क्रू काढले, ठोकळा उघडला. सगळ्या चिरांत पिवळा गाळ बसला होता. लग्नघरातल्या पाटावर उरतो तसा.

"कळत कसं न्हाय तुम्हाला?" तिचा आवाज चढला. "गळतंय म्हणून त्याच दिवशी सांगितलं असतं तर एक दिवस गेला असता माझा. फक्त एक दिवस! तीन दिवस रोज येऊन आकडा बघून जात व्हता. माहीत असून?"

"व्हय."

"का पण?"

त्याने उजवा हात तिच्यापुढे धरला. पंजा पसरला. काही करावं लागलं नाही, हातच बोलला.

"दीड वर्ष झालं," तो म्हणाला. "कुणाला सांगितलं न्हाय."

सुमनबाईचा पंखा थांबला. क्षमा त्या हाताकडे बघत राहिली, पण तिचा राग उतरला नाही, आणि उतरावा असं त्यालाही वाटलं नाही. तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. दोन वाजायला आले होते. रविवारी सकाळी दहाच्या आत द्यायचं. काम पुन्हा लावायचं तर आज संध्याकाळच्या आत.

"रेडिएटर उतरवा," ती म्हणाली. चाचा म्हणाली नाही.

दुकानात दोघांनी रेडिएटर उलटा धरून नळाच्या धारेने धुतला. ठोकळा चिंचेच्या पाण्यात भिजवला, दात घासायच्या ब्रशने चीर न् चीर साफ केली. मग जैनोद्दीनने रेडिएटर शिकंज्यात आवळला आणि बत्ती पेटवून क्षमाच्या हातात दिली.

"मला तारांची झाळ येती. छोटी. हे कधी केलं न्हाय," ती म्हणाली.

"मला दिसतंय. तुझा हात थिर हाय. तू धर, म्या बघतो."

तो गुडघ्यांवर बसला, डोळे तोटीच्या रेषेत आणले. आपली बत्ती दुसऱ्याच्या हातात त्याने आजवर कधी दिली नव्हती. थरथरणारा हात त्याने मांडीखाली दाबून ठेवला.

"जाळ थेट नको मारू. बाजूनं फिरव. पितळ तापू दे, कथील न्हाय. पितळच कथलाला वढून घेतं. अजून... अजून... शेजारच्या तोटीवर वला बोळा ठेव. हां. आता नवसागर."

धूर उठला. क्षमाने डोळे बारीक केले.

"पुढं?"

"थांब. घाई न्हाय. रंग बघ. आता कथील लाव. आता! फिरव, थांबू नको... बास. बत्ती काढ. हलू नको. श्वास घेऊ नको."

कथील आरशासारखं चमकलं, मग त्यावर साय धरल्यासारखी झाली आणि ते थिजलं. तोटीभोवती अख्खं, एकसारखं कडं.

टाकीत बुडवून त्याने हवा मारली. मोजलं. चाळीस झाले, ऐंशी झाले. क्षमा म्हणाली, "झालं ना?" तो मोजतच राहिला. दोनशेला थांबला. पाणी हललं नव्हतं. त्या दुकानातून बाहेर पडलेली ही पहिली झाळ, जी जैनोद्दीनच्या हातची नव्हती. ती त्याच्या बऱ्याच झाळींपेक्षा चांगली होती. हे त्याला बोलून दाखवावंसं वाटलं, पण तो नुसताच फडक्याने रेडिएटर पुसत राहिला.

संध्याकाळी सहाला मशीन सुरू झालं. शनिवारचा दिवस त्याने कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. तीनदा चपला घातल्या, तीनदा काढल्या. बोलावल्याशिवाय जायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. दुपारी एक ट्रॅक्टरवाला रेडिएटर घेऊन आला. जैनोद्दीनने तो हवेवर तपासला, गळती शोधून खडूने खूण केली आणि म्हणाला, "झाळ उमरग्यात मारून घ्या. माझा हात आता चालत न्हाय." ट्रॅक्टरवाला गंमत समजून हसला. मग हसायचा थांबला.

रविवारी सकाळी नवाच्या सुमाराला सुमनबाईचा निरोप आला, चहाला या.

"जयभीम, वैनी," म्हणत तो दारातून आत आला. क्षमा जमिनीवर, मशीनच्या शेजारीच उशी न घेता झोपली होती. पाइपांतून निळं पाणी फिरत होतं. निळंच. पडद्यावर आकडा एकसष्ट.

"आठ वाजता गेला पिक्चर," सुमनबाई हळू आवाजात म्हणाली. "कंपनीनं पसंत केलाय. आता म्हणत्यात, हिथनंच करा." तिने स्टोव्हवरचं पातेलं उतरवलं, कपबशी त्याच्यापुढे ठेवली आणि सवयीने काठोकाठ ओतायला घेतलं.

क्षमाने डोळे उघडले. पडल्या पडल्या त्याच्याकडे बघितलं.

"अर्धाच द्या, वैनी," जैनोद्दीन म्हणाला. "माझा हात हलतो."

सुमनबाई थांबली. अर्धा ओतला. बाकीचा तिने पातेल्यातच ठेवला.

"अन् उरलेला मग परत घ्या, चाचा," क्षमा जमिनीवरूनच म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

त्याने दोन्ही हातांनी कप उचलला. सावकाश प्याला, संपवला आणि खाली ठेवला. बशी कोरडी होती.